कायोटीला साद: रिमोटवर चालणारा इलेक्ट्रॉनिक कॉलर नवख्याने कसा लावावा

पहिल्या दिवशी मी प्राण्यांचे आवाज काढणारं तीनशे डॉलरचं यंत्र पायाशी ठेवलं, मांडी घालून बसलो आणि सशाच्या किंकाळीचं बटण दाबलं. सात-आठ मिनिटांत कायोटी, म्हणजे अमेरिकेतला कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला प्राणी, आला. समोरच्या मेस्किटच्या झुडपातून बाहेर पडला, थांबला आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघू लागला. रिमोट खाली ठेवायला मी हात हलवला, तेवढ्यात समोर नुसती धूळ. बरोबर आलेले रँचमालक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. ते हसून म्हणाले, "यंत्राबरोबर रिमोट कशाला देतात, कळलं का आता?"

तेव्हा कळलं नव्हतं. सहा हंगाम झाल्यावर कळलं ते सांगतो. आवाज नेमका कुठून येतोय हे कायोटी फार अचूक ओळखतो आणि येताना त्याची नजर त्याच जागेवर खिळलेली असते. त्या जागी तुम्हीच बसला असाल तर कारभार आटोपला. आवाज एकीकडे आणि आपण दुसरीकडे, एवढ्यासाठीच रिमोट असतो. बाकी बटणं, आवाजांच्या याद्या, कायोटीला भुलवायची शेपटी हलवणारी खेळणी, सगळं त्याच्या नंतर.

मी मूळचा माण तालुक्यातला, गेली बरीच वर्षं डॅलसच्या बाजूला राहतो. लहानपणी घरी शेरडं-मेंढरं होती. लांडग्याने कोकरू नेलं की घरात दोन दिवस कोणी धड बोलायचं नाही. त्यामुळे इथल्या एका शेळ्यांच्या रँचवर कायोटींनी करडं मारलेली पाहिली, तेव्हा मालकांना काय वाटत असेल ते कोणी समजावून सांगायला लागलं नाही. मी बसतो तो अशाच ठिकाणी, जिथे जनावरांचं नुकसान होतंय तिथे. किती मारले या नुसत्या आकड्यांची हौस असेल तर हा लेख तुमच्या कामाला येईल, पण ती हौस मला पटत नाही.

(मराठी मंडळाच्या कार्यक्रमात 'नवा कॉलर घेतला' असं म्हटलं की लोक शर्टाकडे बघतात. कॉलर म्हणजे इंग्रजीत साद घालणारा. यंत्राचं इथलं चालू नाव तेच आहे, मी तेच वापरतो. आणि यंत्र सुरू करून एका जागी दबा धरून बसण्याला मी 'बैठक' म्हणेन.)

एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहिली आहे असं समजून वाचा: हे सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे आणि कोल्ह्याची शिकार हा गुन्हा आहे. सुट्टीत गावी जाताना 'मुलांना गंमत दाखवू' म्हणून हे यंत्र बॅगेत टाकू नका. आवाज काढून पाखरू बोलावण्याची विद्या आपल्याकडच्या पारध्यांना पिढ्यान्‌पिढ्या येते, तीही कोणत्याही बॅटरीशिवाय. पण आज तिथे शिकारीसाठी ती चालत नाही.

१. आधी कागद, मग यंत्र

बहुतेक जण उलट करतात. यंत्र ऑनलाइन मागवतात आणि मग परवाना शोधत बसतात. मी टेक्सासपुरतं लिहितो. तुमचं राज्य वेगळं असेल तर तिथल्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका उघडून वाचा. राज्य ओलांडलं की नियम बदलतो.

शिकारीचं प्रशिक्षण: २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला टेक्सासमध्ये हा अभ्यासक्रम लागतो. सतरा वर्षांवरच्यांना तो पूर्णपणे ऑनलाइन करता येतो. कंटाळवाणा वाटला तरी पाने उलटत पुढे जाऊ नका. गोळी लक्ष्याच्या पलीकडे कुठवर जाते, हा भाग दोनदा वाचावा असा आहे.

शिकारीचा परवाना: राज्यात सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्या माणसाला साधा परवाना २५ डॉलरला मिळतो. तो कधीही काढा, संपतो मात्र ३१ ऑगस्टलाच. नव्या वर्षाचे परवाने १५ ऑगस्टपासून मिळू लागतात.

आता ही तारीख आपल्या लोकांसाठी इतकी महत्त्वाची का, ते सांगतो. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन अशा व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला मोजके अपवाद आहेत आणि त्यांतला एक म्हणजे कोणत्याही राज्याचा चालू असलेला शिकारीचा परवाना. म्हणजे हा पंचवीस डॉलरचा कागद तुमच्यासाठी नुसता शिकारीचा नाही, बंदूक हातात धरण्याचाही आहे. १ सप्टेंबरच्या सकाळी तो संपलेला असेल आणि बंदूक कपाटात असेल, तर तुम्ही काहीही न करता अडचणीत आहात. 'मित्राची रायफल आहे, नुसती चालवून बघतो' हेही त्याच नियमात येतं. मी १५ ऑगस्टला झेंडावंदनाचे फोटो बघतो आणि लगेच परवाना काढतो, म्हणजे विसरायला होत नाही. ग्रीन कार्ड असेल तर ही अट नाही. व्हिसा बदलाच्या मधल्या काळात असाल तर इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा. त्याची फी पुढच्या मनस्तापापेक्षा स्वस्त पडते.

दुकानात बंदूक घेताना फॉर्म ४४७३ भरावा लागतो. व्हिसाधारकाने सोबत न्यायचं ते असं: सध्याच्या पत्त्याचा ड्रायव्हिंग परवाना, पासपोर्ट आणि व्हिसा, आय-९४ चा, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीचा, छापील कागद (त्यावरचा क्रमांक फॉर्मवर लिहावा लागतो) आणि शिकारीचा परवाना. काउंटरवरच्या माणसाला हा अपवाद माहीत असेलच असं नाही. माझ्या वेळी एका दुकानात सरळ 'नाही' म्हणाले होते. वाद घातला नाही, दुसऱ्या दुकानात गेलो.

कोणत्या प्राण्यासाठी यंत्र चालतं: टेक्सासमध्ये कायोटी 'गेम', म्हणजे शिकारीसाठी नियम लावून राखलेल्या, प्राण्यांत मोडत नाही, त्याला बंद हंगाम नाही आणि इलेक्ट्रॉनिक आवाज चालतो. पण हेच यंत्र घेऊन बदकं किंवा होला बोलवायला बसलात तर संघराज्याचा नियम मोडला. ज्यांची शिकार करता येते अशा स्थलांतरित पक्ष्यांसाठी ध्वनिमुद्रित आवाज देशभर मना आहे. अपवाद अगदी थोडे, उदाहरणार्थ पांढऱ्या हंसांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठीचा खास हंगाम. टर्कीसाठीही बहुतेक राज्यांत मनाई आहे. यंत्रात बदकाचा आवाज भरलेला असला म्हणजे तो वाजवायला परवानगी आहे असं होत नाही. दुकान आवाज विकतं, परवानगी विकत नाही.

२. जागा

टेक्सासची ९५ टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे. त्यामुळे खरं काम रँचमालकाशी बोलण्याचं. हरणासाठी परवानगी मागितलीत तर ते भाड्याचा आकडा सांगतील. कायोटीसाठी मागितलीत तर बऱ्याचदा चहा, म्हणजे इथली पातळ कॉफी, पाजतील. शेळ्या-मेंढ्या किंवा नुकती व्यायलेली गाय असलेलं रँच शोधा. फोनपेक्षा प्रत्यक्ष जा, दुपारी जा, शिकारीच्या कपड्यांत जाऊ नका. परवानगी लेखी घ्या: तारखा, गाडीचा क्रमांक, कोणत्या फाटकातून जायचं.

सीमा नकाशावर आखून घ्या, कारण परवानगी असलेल्या शेतातून सुटलेली गोळी कुंपण ओलांडून शेजारच्या जमिनीत गेली तर तो टेक्सासमध्ये गुन्हा आहे. झाडांवर किंवा खांबांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर ती सजावट नाही, 'आत येऊ नका' अशी कायदेशीर पाटी आहे.

आणि फाटक जसं होतं तसंच ठेवा. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद.

३. यंत्र घेताना

फॉक्सप्रो, लकी डक, आयकोटेक ही नावं तुमच्या कानावर येतीलच. शंभर-सव्वाशे डॉलरपासून सहाशे-सातशेपर्यंत यंत्रं मिळतात. १९६० च्या दशकात वेको गावचे जॉनी स्टुअर्ट प्राण्यांच्या खऱ्या आवाजांच्या तबकड्या विकायचे आणि लोक बॅटरीवरचा फोनोग्राफ खांद्याला लावून रानात जायचे. त्या मानाने आज सगळ्यांत स्वस्त यंत्रही चैनच आहे.

मला विचाराल तर मधल्या किमतीचं घ्या आणि तीन गोष्टी बघा. रिमोटचा पडदा उन्हात वाचता येतो का? हातमोजे घालून बटणं दाबता येतात का? आवाज बंद करण्याचं आणि आवडत्या आवाजांचं वेगळं बटण आहे का? आठशे आवाज असलेल्या यंत्रातले मी सहा वापरतो. खोक्यावर लिहिलेला रिमोटचा पल्ला सपाट, मोकळ्या मैदानावर मोजलेला असतो. झुडपांत त्याच्या निम्म्यावर भरवसा ठेवा.

४. घरची तयारी

इथे घाई केली की रानात पस्तावा. माझ्या वाया गेलेल्या बैठकांपैकी निम्म्या घरातच वाया गेल्या होत्या.

बॅटरी. साधे अल्कलाइन सेल थंडीत झोपतात. डिसेंबरच्या पहाटे शून्याच्या आसपास तापमान असताना दुपारी पूर्ण भरलेले दिसणारे सेल अर्ध्यावर येतात. चार्ज होणारे सेल वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: त्यांचा दाब १.२ व्होल्टचा, साध्या सेलचा १.५ चा. म्हणून काही यंत्रं भरलेल्या सेललाही 'बॅटरी कमी' म्हणून ओरडतात. दोन्ही प्रकार एकत्र घालू नका, जुने-नवे मिसळू नका. रिमोटमध्ये लिथियमचे घाला, तिथे कंजुषी करू नका. स्पीकर बंद पडला तर निदान कळतं. रिमोट अर्धवट चालत असला की तुम्ही बटण दाबत राहता आणि आवाज चालू आहे की नाही हेच कळत नाही.

जोडणी. आधी कॉलर सुरू करा, मग रिमोट, आणि बंद करताना उलट. बहुतेक यंत्रांना हा क्रम मानवतो. दोघे एकमेकांना ओळखत नसतील तर पुस्तिकेत दिलेली जोडणीची कृती घरीच करून बघा. मित्राचं यंत्र त्याच कंपनीचं असेल तर दोन्ही रिमोट एकाच वेळी सुरू ठेवून तपासा. एकाचं बटण दाबल्यावर दुसऱ्याचा स्पीकर किंचाळला, तर रानात गोंधळ ठरलेला.

बटणांचा टिकटिक आवाज आणि पडद्याचा उजेड. दोन्ही बंद किंवा अगदी कमी करा. पहाटेच्या अंधारात पडद्याचा निळा उजेड चेहऱ्यावर पडतो आणि तुम्ही उत्सवातल्या देवासारखे दिसता.

आवाजांची यादी. नवख्याला हे सहा पुरतात: कॉटनटेल सशाची किंकाळी, जॅकरॅबिट या मोठ्या रानसशाची किंकाळी (ती जाड आणि मोठी असते), उंदराची चिवचिव, जखमी पक्षी, एकट्या कायोटीची हाळी, कायोटीच्या पिल्लाचं केकाटणं. हे सगळे 'आवडते'मध्ये वर आणून ठेवा. हौसेने मी फायलींना 'ससा', 'कोल्हेकुई' अशी मराठी नावं दिली होती. रिमोटच्या पडद्यावर नुसते चौकोन आले आणि अंधारात सशाऐवजी कावळे वाजले. नावं यंत्राला कळतील अशी ठेवा आणि आधी आकडा घाला.

सराव. ससा किंचाळतो ते हुबेहूब तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखं. मी गॅरेजमध्ये पहिल्यांदा वाजवलं तेव्हा घरातून हाक आली, "अहो, बंद करा ते, शेजारी पोलिसांना बोलावतील!" आवाज एकवर ठेवून करा, पण करा. रिमोट न बघता तीन गोष्टी जमल्या पाहिजेत: आवाज कमी करणं, बंद करणं, पुढचा आवाज लावणं. अंगठ्याला सवय झाली की डोळे रानावर राहतात.

पिशवीत काय असावं:
- कॉलर, रिमोट (गळ्यात दोरीने), दोन्हींचे जादा सेल
- परवाना, ओळखपत्र, मालकांची लेखी परवानगी (फोनमध्येही आणि कागदावरही)
- टाल्कम पावडरची छोटी बाटली, वारा बघायला
- बसायला जाड उशी, बंदुकीला टेकू, कानाचं संरक्षण
- चेहऱ्यावरची जाळी आणि हातमोजे. हलतात ते हात आणि चमकतो तो चेहरा
- लाल उजेडाची बॅटरी, प्रथमोपचार, पाणी
- नारिंगी टोपी, जाता-येता घालायला

५. वारा

कायोटीला डोळ्याने किंवा कानाने फसवता येतं, नाकाने नाही. तो आवाजाकडे सरळ धावत येईल असं वाटतं, पण शहाणा कायोटी जवळ आला की वळसा घालतो आणि आवाजाच्या वाऱ्याखालच्या बाजूला जातो, वास घ्यायला. वास ससा म्हणतोय की माणूस, हे तपासल्याशिवाय तो पुढे येत नाही. हा वळसा त्याने तुमच्यासमोरून घ्यावा अशी मांडणी करायची.

घड्याळ डोळ्यांसमोर आणा. तुम्ही मधोमध बसलात, तोंड बाराकडे. वारा नऊकडून तीनकडे, म्हणजे डावीकडून उजवीकडे वाहतोय. कॉलर दहा आणि अकराच्या मध्ये, चाळीस-पन्नास यार्डांवर. आता कायोटी समोरून आला की कॉलरच्या वाऱ्याखाली जायला बारा, एक, दोन असा सरकतो, सगळा तुमच्यासमोर. तुमचा स्वतःचा वास तीनकडे चाललाय. तिथे पोचायच्या आत, दोनच्या आकड्यापर्यंत, जे काय व्हायचं ते झालं पाहिजे. तीन ओलांडला की तो तुम्हाला 'वाचतो' आणि शेपूट दिसते.

तोंडावर वारा घेऊन कॉलर सरळ समोर ठेवायचा, असं बरेच जण शिकवतात. मीही दोन वर्षं केलं. त्यात वळसा घालणारा कायोटी थेट तुमच्या पाठीमागे येतो. मागे वळून बघाल तेव्हा तो आधीच बघत असतो.

उजव्या हाताने बंदूक चालवणाऱ्याला बसल्या जागी डावीकडे वळणं सोपं आणि उजवीकडे अवघड. म्हणून बसतानाच अंग दोनच्या आकड्याकडे वळवून बसा. वारा उलटा असेल तर चित्र आरशातल्यासारखं उलटं करा. पावडर बसताना उडवा आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा थोडी उडवा. सूर्य वर आला की उतारावरचा वारा फिरतो. सहाला बरोबर असलेली जागा साडेसातला चुकीची असू शकते. सूर्य पाठीशी असेल तर उत्तमच, पण वारा आणि सूर्य यांत निवड करायची वेळ आली तर वारा.

६. कॉलर कुठे आणि कसा ठेवायचा

गाडी टेकाडामागे किंवा खळग्यात, बैठकीपासून निदान पाव मैल दूर लावा. दार हळूच टेकवा. गाडी किल्लीच्या बटणाने बंद करू नका! तो 'पीक-पीक' आवाज पहाटेच्या रानात मैलभर जातो. हे मला दुसऱ्याच खेपेला कळलं, कारण सवयीने मी बटण दाबलं आणि मालकांनी कपाळावर हात मारला.

कॉलर जमिनीवर गवतात ठेवू नका. फांदीच्या बेचक्यात, दगडावर किंवा छोट्या तिवईवर, दोन-तीन फूट उंच ठेवा. दोन फायदे: आवाज लांब जातो आणि रिमोटचा संकेत पोचतो. ओलं गवत आणि जमीन रेडिओचा संकेत गिळून टाकतात. अँटेना असेल तर ती सरळ उभी ठेवा, रिमोटचीही तशीच. रिमोट पोटाशी धरून बसलात तर तुमचं शरीरच आड येतं, तो कॉलरच्या बाजूला जरा पुढे धरा.

पत्र्याच्या पाण्याच्या टाकीमागे, गाडीच्या आड किंवा तारेच्या कुंपणाला टेकवून ठेवू नका. मी एकदा टाकीच्या सावलीत ठेवला आणि रिमोट बारावेळा दाबूनही ढिम्म. उठून जावं लागलं. उठलो तेव्हा टेकाडावर दोन कायोटी उभे होते, बहुधा मी काय करतोय ते बघत.

ठेवून झालं की तिथूनच एकदा अगदी कमी आवाजात वाजवून बघा, बंद करा. परत जाताना वाऱ्याखालच्या भागातून चालू नका. कायोटी जिथून यावा असं वाटतं, तिथे तुमच्या बुटांचा वास नको.

शेपटी हलवणारं खेळणं लावायचं तर कॉलरच्या जवळच लावा, म्हणजे नजर तिथेच राहते. वाऱ्याच्या दिवशी त्याचा फार उपयोग नाही, सगळंच हलत असतं. घुबडं त्यावर झडप घालतात, दचकू नका. घुबड, ससाणा हे सगळे पक्षी संरक्षित आहेत.

तुम्ही स्वतः मेस्किटच्या झुडपाला पाठ टेकून, सावलीत बसा. मेस्किट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचीच बहीण, काटे ओळखीचेच आहेत. झुडपाच्या मागे लपायची गरज नाही, पुढे बसलात तर आकृती त्यात मिसळते आणि समोरचं दिसतं. बसण्याआधी काठीने झुडूप ढवळून बघा. उबदार दिवसांत तिथे रॅटलस्नेक हा विषारी साप असू शकतो.

७. वीस मिनिटं

बसल्यावर दोन-तीन मिनिटं काहीच वाजवू नका. पाखरं पुन्हा बोलू लागली की सुरू करा.

सुरुवात अगदी बारीक आवाजात. शंभर यार्डांवर झोपलेला कायोटी असेल तर एकदम मोठ्या किंकाळीने तो येत नाही, पळतो. काही रिमोट मागच्या वेळचा आवाज लक्षात ठेवतात, म्हणून बटण दाबण्याआधी आकडा बघा. दोन मिनिटं कॉटनटेल बारीक, मग चार मिनिटांत हळूहळू वाढवत न्या. मग बंद. दोन मिनिटं शांतता. शांतता हाही एक आवाजच आहे, माझे निम्मे कायोटी शांततेत आले. मग दुसरा आवाज, पक्षी किंवा उंदीर, मध्यम. शेवटची तीन-चार मिनिटं पिल्लाचं केकाटणं. ते ऐकून भूक नसलेलाही येतो.

हंगामाप्रमाणे थोडा फरक. शरद ऋतूत यंदाची पिल्लं एकटी फिरू लागलेली असतात, त्यांना सशाची किंकाळी पुरते. जानेवारी-फेब्रुवारी हा त्यांच्या जोड्या जुळण्याचा काळ, तेव्हा एकटीची लांब हाळी आधी वाजवा आणि पाच मिनिटं गप्प राहा. पिल्लांचा आवाज उन्हाळ्याच्या तोंडावर सगळ्यांत जास्त चालतो. आव्हान देणारी, गुरगुरती हाळी मात्र नवख्याने वाजवूच नये. तरुण कायोटी ती ऐकून उलट्या पावली जातात.

वीस मिनिटं पूर्ण बसा. मांजरकुळातला बॉबकॅट हवा असेल तर चाळीस मिनिटं, आणि आवाज जवळजवळ अखंड. तो चार पावलं टाकतो आणि विचार करत बसतो.

८. आला की

रिमोट विसरा. तो येतोय म्हणजे आवाज बरोबर आहे, बदलायची गरज नाही. फार जवळ येऊ लागला तर आवाज जरा कमी करा, तेही अंगठा तेवढा हलवून. बंदूक वळवायची ती त्याचं डोकं झाडाआड असताना. थांबवायचा असेल तर तोंडाने एकदा हलकेच 'वूफ' करा, क्षणभर थांबतो.

आता सगळ्यांत मोठी सूचना. ट्रिगरला बोट लावण्याआधी तो कायोटीच आहे याची खात्री करा. जखमी सशाच्या आवाजाने शेजारच्या रँचचा पाळीव कुत्राही येतो, मेंढ्या राखणारा पांढरा मोठा कुत्राही येतो. सार्वजनिक जमिनीवर असाल तर दुसरा शिकारी खरा ससा समजून चालत येऊ शकतो. हालचाल दिसली म्हणून गोळी, असं कधीही नाही. आणि मागे टेकडी किंवा माती नसेल तर गोळी नाही, मग तो चाळीस यार्डांवर का उभा असेना. मी हंगामात निम्म्या वेळा बंदूक उचलतच नाही, आणि ती सकाळ वाया गेली असं मला वाटत नाही.

बार झाल्यावर लगेच उठू नका. पिल्लाचं केकाटणं लावा आणि तीन-चार मिनिटं थांबा, बऱ्याचदा जोडीदार येतो. काही यंत्रांत बार ऐकला की हा बदल आपोआप होतो. मेलेल्या जनावराला उघड्या हाताने हात लावू नका. खरूज, पिसवा, कधी रेबीज. हातमोजे घाला आणि पुढे काय करायचं ते मालकांना विचारा. प्रत्येक रँचची पद्धत वेगळी असते.

पुढची बैठक निदान मैलभर लांब. त्याच जागी पुन्हा महिनाभर तरी नको. एकदा फसून सुटलेला कायोटी तो आवाज विसरत नाही. म्हणून मी वहीत जागा, वारा, वाजवलेला आवाज आणि काय आलं ते लिहून ठेवतो. 'काही आलं नाही' हेही लिहितो.

९. यंत्र रुसलं तर

रिमोट चालतोय, आवाज नाही: कॉलरचं बटण सुरू आहे का ते आधी बघा. हसू नका, माझं झालंय. आवाज तुटक येतोय: सेल किंवा मधलं झाडझाडोरं, रिमोट उंच धरून बघा. स्पीकर फाटल्यासारखा वाजतोय: आवाज सत्तर टक्क्यांच्या खाली आणा, रानात तेवढा पुरतो. काहीच जमत नाही: दोन्हींचे सेल काढा, मिनिटभर थांबा, परत घाला, आधी कॉलर मग रिमोट.

रात्रीची बैठक टेक्सासच्या खासगी जमिनीवर परवानगीने चालते, पण पहिला हंगाम दिवसाच काढा. पुढे जाल तेव्हा तालुक्याच्या, म्हणजे इथल्या काउंटीच्या, शेरीफ कार्यालयाला (इथले पोलीस) आणि गेम वॉर्डनला (वन्यजीव खात्याचा अधिकारी) आधी कळवून ठेवा. रात्री कोणीतरी बारीक मूल रडतंय म्हणून फोन केला तर निदान त्यांना कारण माहीत असेल.

हंगाम संपला की सेल काढून ठेवा, रिमोटमधले आधी. मी एका वर्षी विसरलो. सप्टेंबरमध्ये झाकण उघडलं तर आत पांढरी-हिरवी बुरशी चढलेली. व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशने ती निघाली, पण 'बंद'चं बटण तेव्हापासून दोनदा दाबावं लागतं.